डावीकडचं मैदान

नार्नूर, ११ ऑगस्ट २०२४

ती. भागीरथाअक्कास,
नागनाथचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर सांगितलं असतं, पण तिकडे तुझ्यासोबत सगळं घर ऐकतं. म्हणून लिहितो.

निवृत्त झालो तरी शाळेनं मुलींचा खो-खो माझ्याकडेच ठेवलाय, तुला ठाऊक आहे. मागच्या महिन्यात शेजारच्या उत्तमरावांची तेजस्विनी डावीकडून धावत आली, ती मला दिसलीच नाही. मी वळलो, ती आदळली आणि तिचं मनगट मोडलं. उत्तमरावांनी रागवायचं सोडून मलाच पाणी दिलं. ते जास्त लागलं.

मग आदिलाबादला डोळे दाखवले. काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत आहे, डाव्यात जास्त. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. आधी बाजूचं दिसेनासं होतं, समोरचं दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंब घालून राखायची. मोटारसायकल बंद केली. मैदानही सोडलं.

डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं. आपला बा शेवटी भिंत धरून चालायचा, आठवतं ना? आपण त्याला म्हातारपण म्हणायचो. तेव्हा तू जाऊन ये.

सूनबाई प्रीतीला आशीर्वाद. तुझी माया असू दे.
नागनाथ

---

भैंसा, २५ ऑगस्ट २०२४

चि. नागनाथ यास अ. उ. आ.

पत्र वाचून दिवसभर काही सुचलं नाही. पण मले तपासाले काऊन पाठवतो? मी अजून बिनचष्म्यानं सुईत दोरा ओवते. डोळे दुखत नाही, पाणी येत नाही. सून मागं लागली, तिलेही हेच सांगितलं.

तुझंच सांग. भावजय रंजीता फोनवर म्हणे, तू खुर्ची धरून बसला, चहाही तिथंच मागतो. अरे, डोळ्याले झालं, पायाले काय झालं? लहानपणी मी बोलावून थकायची तरी तू घरात येत नसायचा. डॉक्टरनं चालू नको म्हटलं का? म्हटलं असन तर लिही. नसन म्हटलं तर ऊठ.

रंजीताले सांग, चहा अंगणात ठेवत जा.

तुझ्यावर रागावलेली, पण तुझीच,
अक्का

---

नार्नूर, २९ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं बोलणं लागलं, म्हणून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चाला, रोज चाला, ते चांगलंच. फक्त शीर्षासन नको आणि जड वजन उचलायचं नाही. शीर्षासन मी जन्मात केलं नाही, रंजीता हसत सुटली.

थेंबांचं मात्र सुरुवातीला जमेना. अर्धे कानात जायचे. आता हात धुऊन आडवा होतो, खालची पापणी ओढतो, बाटलीचं टोक डोळ्याला लागू न देता एकच थेंब टाकतो आणि नाकाजवळचा कोपरा दाबून डोळे मिटून पडतो. थोडं झोंबतं, पण चुकवत नाही.

मैदानावरही गेलो. आत उभा राहत नाही. डाव्या कडेला रेषेबाहेर थांबतो, म्हणजे सगळं मैदान उजवीकडे येतं. तेजस्विनीचं प्लास्टर निघालंय. मी तिला म्हटलं, माझ्यामुळे झालं ते. ती म्हणाली, "सर, मले आधी पाय कुठं टाकायचा ते सांगा." मग शिकवत बसलो.

आता तुझं. एक डोळा तळहातानं झाक आणि समोर पाहा, मग दुसरा. ही काही तपासणी नव्हे, पण एवढं तरी कर. माझ्यासाठी कर.

तुझ्या शब्दाबाहेर नसलेला,
नागनाथ

---

भैंसा, २७ ऑक्टोबर २०२४

चि. नागनाथ यास अ. उ. आ.

तू सांगितलं तसं केलं. उजवा डोळा झाकला आणि भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाह्यला. फोटो दिसला. पण बाजूले शेगडीपाशी प्रीती पोळ्या करून राह्यली होती, ती दिसेना. मले वाटलं उठून गेली. हात काढला तर ती तिथंच.

दुसऱ्याच दिवशी तिच्यासोबत निर्मलले गेली. डब्यात डोकं घालून बसवतात, ठिपका दिसला की बटन दाबायचं. कितीतरी वेळ मी नुसतीच बसून होती. डॉक्टरीणबाई म्हणे, डावा डोळा बराच गेला, उजवा सांभाळू. तुझ्यापेक्षा माझं जास्त आहे नागनाथ. दोरा ओवत होती ते सारं उजव्याच्या जोरावर.

थेंब चालू केले. पण विहारात जाणं सोडलं. वंदना मी सांगायची, आता दुसरी कोणी सांगन. रस्त्यावर गाड्या कुठून येतात कळत नाही. तुले ऊठ म्हणणं सोपं होतं रे. मी भेली आहे.

मी भेली हे घरातल्या कोणाले सांगू नको.
अक्का

---

नार्नूर, ४ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास सप्रेम जयभीम.

पत्रानं समजावता येत नाही. रविवारी येतो. उटनूर, निर्मल करत बसनं एकटाच येईन. रंजीता नको म्हणते आहे, तरी येतो. घ्यायला कोणाला पाठवू नको.

नागनाथ

---

भैंसा, १ डिसेंबर २०२४

चि. नागनाथ यास अ. उ. आ.

तू घरी परत पोचल्याचं रंजीताच्या फोनवरून कळलं, जीव भांड्यात पडला. तू इथं होता तेव्हा आपण विहाराकडं निघालो तर दोघांलेही भिंत डावीकडंच पाहिजे, आणि गल्लीत त्यावरून आपलं भांडण. प्रीती अजून लोकांले ते सांगून हसते. मीही हसते.

तू गेल्यावर आठवडाभर प्रीतीचा हात धरून गेली. काल तिले म्हटलं, तू घरी राह्य. भिंतीनं भिंतीनं चालली. वळणावर थांबून तू दाखवली तशी पूर्ण मान वळवून पाह्यलं. जिनिंगकडं निघालेल्या कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, अगदी जवळ. त्या जाऊ देल्या, मग निघाली.

विहारात बायांनी विचारलं, कुठं होती इतके दिवस. म्हटलं, काचबिंदू झाला, घाबरून घरात बसली होती. सरकून त्यांनी पुढची जागा करून देली. मी बसली आणि वंदना सांगाले सुरुवात केली.

रंजीताले, पोरींच्या साऱ्या टोळीले आशीर्वाद. थेंब चुकवू नको, मीही चुकवत नाही. जीव लावून आहेस तसाच राह्य.

तुझी,
अक्का