सागवानी खिडकी, तिचा अडसर आणि एक साक्षीदार

मी, संपत हौशीराम पोखरकर, वय ५३, राहणार शिनोली, ता. आंबेगाव, जि. पुणे, एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचणारा, पुढल्या आठवड्यात पुण्यात हृदयाची शस्त्रक्रिया असल्याने हे मृत्युपत्र करून ठेवतो. डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाकदपटशा केलेला नाही. उलट महिनाभर सगळे फार प्रेमाने तब्येत विचारतात, आणि त्याचीच मला धास्ती आहे. मला बायको-मूलबाळ नाही.

१. माझ्या वाटणीला दोन खोल्या आल्या. त्यांत मोलाची वस्तू एकच : रस्त्याकडची सागवानी खिडकी. खाली घडीव काळा दगड, सहा गज, पितळी कडी. वीस वर्षं मी तिच्याकडे बघून कोडी रचली. बिजागरी, कोयंडा, खिट्टी, लाकडातली गाठसुद्धा वापरून झाली. जुनं लाकूड रिसॉर्टवाल्यांना विकणारे तिच्यासाठी तीनदा दारात येऊन गेले.

२. धाकटा भाऊ जालिंदर याला आखाडात मी या खिडकीला टेप लावताना पकडलं.

"दादा, जाळीचं माप घेतोय. बिबट्या लई फिरतोय, आन् तू सताड उघडी टाकून झोपतो."

"इतकी वर्षं झोपलो, तवा बिबटे काय शाकाहारी व्हते?"

त्याची मुलगी आरोही माझं प्रत्येक कोडं अचूक सोडवून पाठवते. उत्तरांची वही खिडकीतच असते. बाप माप घेतो, लेक वही वाचते, असं मी धरून चाललो.

३. म्हणून सापळा लावला. कोड्यात विचारलं : झडपा आतून अडवणारा आडवा दांडा, चार अक्षरं. वहीत मुद्दाम चुकीचं उत्तर लिहिलं, 'तावदान'. काचेला दांडा म्हणणारा वही बघणाराच असणार.

आरोहीने पाठवलं, 'अडसर'.

मी तोंडावर विचारलं, "वही बघत नाहीस?"

"वही कशाला बघू, काका? खिडकी बघते की."

सबब दोन्ही खोल्या खिडकीसकट आरोहीला. चौकट भिंतीतून काढायची नाही, सागाला ऑइलपेंट फासायचा नाही. जाळी जालिंदरने बसवावी, बाहेरून. त्याची टेप माझ्या कपाटात जप्त आहे, ती परत द्यावी. माप जाळीचंच होतं, यावर माझा अजून निम्माच विश्वास आहे.

४. 'तावदान' एकाच पाकिटातून आलं. पाठवणारे सावळेराम बोऱ्हाडे, माझे तीस वर्षांचे मित्र, रोज सकाळी त्याच खिडकीशी बसून माझा चहा पिणारे. आधीच्या मृत्युपत्रात माझा शब्दकोश आणि सगळ्या वह्या त्यांच्या नावे होत्या. त्याही आता आरोहीला. माझ्या वकिलांची शिस्त अशी की, साक्षीदाराच्या नावे काही ठेवायचं नाही. पुढेमागे माझं मन विरघळू नये, म्हणून सावळेरामांना मी मुद्दाम साक्षीदार केलं आहे.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. सावळेराम म्हणाले, "संपत, एकच डाव बघितली रं वही."

"मीपण सापळा एकच डाव लावला. सही कर."

लिहून देणार : संपत हौशीराम पोखरकर (सही)

साक्षीदार :
१. सावळेराम बोऱ्हाडे (सही, पेन माझा, परत घेतला)
२. गोकुळ काळे (सही)

स्थळ : शिनोली, खिडकीपाशी, अडसर लावून
दिनांक : १४ सप्टेंबर २०२५