माझ्याच नावाची दुसरी

३ फेब्रुवारी
आले एकदाची! खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी पूर्वेला, नळाला धो धो पाणी. घरमालकीणबाई म्हणाल्या, आधीची भाडेकरू सहा वर्षं राहिली, म्हणजे जागा लाभते. काम कवळ्या बनवण्याचं. पहिल्याच दिवशी मालकांनी मेणात चौदा दात बसवायला दिले आणि भिंग लावून तपासले. एकच सरळ करायला लागला. दादाला फोन केला तर म्हणतो, ठमे, लोकांचे दात घशात घालण्यापेक्षा तोंडात बसवणं कधीही बरं. मागून आईचं हसू ऐकू आलं. नीट बस्तान बसलं की तिला इकडेच आणायचं. तोवर नेहमीसारखी ईमेल लिहायची, वहिनी वाचून दाखवते.

११ फेब्रुवारी
ईमेल उघडेना. काल दुपारी पासवर्ड बदलला म्हणे, आणि तोही मीच! काल दुपारी माझे हात कोपरापर्यंत प्लास्टरच्या लगद्यात होते. फोनवर आलेला आकडा टाकून खातं परत मिळवलं. नवा पासवर्ड वीस अक्षरांचा. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, होतं गं सगळ्यांचं एकदा.

१५ फेब्रुवारी
पुन्हा तेच. आता फोटोंचं खातंही गेलं. पोलिसांच्या सायबर विभागातल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड ठेव, दुहेरी पडताळणी लाव, फोन पुसून कोरा कर, म्हणाल्या. मग त्यांनीच एक गोष्ट शोधून दाखवली. माझी प्रत्येक ईमेल एका अनोळखी पत्त्यावर आपोआप जात होती. कधीपासून, विचारलं. चार वर्षांपासून.
चार वर्षं मी आईला काय काय लिहिलं असेल!

२३ फेब्रुवारी
नवा फोन, नवा नंबर, सगळी जुनी खाती बंद. पाच दिवस शांतता होती. वाटलं, सुटले.
आज वहिनी सहज बोलून गेली की काल मी आईला फार छान लिहिलं, आई डोळे पुसत होती. मी काहीच लिहिलं नव्हतं. वाचून दाखवायला सांगितलं. माझा पाय मोडला तेव्हा आई महिनाभर मला पाठुंगळी घेऊन शाळेत सोडायची, त्याबद्दल होतं. शब्द माझेच वाटले. पण इतकं मायेने मी तिला कधी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.
सगळं समजावल्यावर वहिनी म्हणाली, बरं. वेड्याची समजूत काढतात तसं.

२८ फेब्रुवारी
मालकांनी माझा राजीनामा माझ्यापुढे ठेवला. महिन्यातला तिसरा. पहिले दोन मी पाठवलेच नाहीत हे त्यांना पटलं होतं. पण या वेळी कवळ्या मागवणाऱ्या सगळ्या डॉक्टरांनाही माझ्या नावाने पत्रं गेली, की मी मापं मुद्दाम बदलली. ते म्हणाले, पोरी, तू खरी असशील, पण तोंडात कवळी घालणाऱ्याने कुणावर विश्वास ठेवायचा? काम सुटलं.

४ मार्च
तक्रारीचं काय झालं विचारायला गेले. ती बंद झाली होती. मीच मागे घेतली. माझ्या सहीने.

६ मार्च
आईला फोन केला. नुसतं 'आई' म्हणाले.
"मेले, माझ्या लेकीचा आवाज काढतेस? जळो तुझी जीभ!"
मी मोडलेल्या पायाचं सांगितलं, शाळेचं सांगितलं. रडले. ती म्हणाली, माझ्या लेकीने सांगितलंच होतं मला, तू हेच बोलशील. मग दादाने फोन घेतला. पुन्हा फोन करू नका, म्हणाला. दादाने मला 'अहो-जाहो' केलं.

७ मार्च
घरी निघालेय. समोर उभी राहिले की — डोळ्यांना तर कोणी फसवू शकत नाही.

८ मार्च, दुपार
दाराला कुलूप. शेजारच्या काकू मला बघून दचकल्या. अगं, तू इथे कशी? सकाळीच सगळे तुझ्याकडे निघाले, म्हणाल्या. तूच गाडी पाठवलीस ना? नव्या घरी राहायला —
पत्ता काकूंना माहीत नाही. दादाचा फोन बंद. वहिनीचाही.

पायरीवर बसलेय. पोलिसांना कळवलं. त्यांनी नाव विचारलं. या नावाच्या बाईंनी सकाळीच फोन केला होता, म्हणाले, की कोणीतरी त्यांचं सोंग घेऊन —
मला इथेच थांबायला सांगितलंय.

फोन वाजला. आईचा नंबर. चुकून लागला असावा, कोणी बोलत नाही. भांड्यांचा आवाज. दार लागल्याचा.
मी ओरडतेय. तिला ऐकू जात नाही —
आई हाक मारतेय. ठमे, इकडे ये गं.
कोणीतरी ओ दिली. माझ्याच आवा