आंद्रेसच्या वडिलांचा कागद

प्रिय सायली,

पाच महिने झाले, तू माझ्याशी बोलत नाहीस. परदेशातून फोन आईलाच करतेस आणि मी शेजारी बसलेला असताना तिला सांगतेस, बाबांनी लग्नाला नकार दिला. मी कधी दिला गं नकार? तोंडातून अवाक्षर तरी काढलं का मी? रात्रंदिवस हाच घोर लागलाय, बीपीची गोळी वाढली, त्याचं तुला काही नाही.

चूक तुझीही आहे. दिवाळीत म्हणालीस, तुझ्या आंद्रेसच्या वडिलांचं पत्र येईल, बंद पाकीट, मीसुद्धा वाचलेलं नाही, तुम्ही उत्तर द्या. आलं. अख्खं स्पॅनिशमध्ये! सातवी पास माणसानं ते कसं वाचायचं? मला कळले ते फक्त आकडे. चाळीस, दोन, बारा. आपल्याकडे मुलाच्या बापाकडून कागद येतो तो कशाचा, तुला ठाऊक आहे. याद्यांचा. चाळीस माणसांचे आहेर, दोन अंगठ्या, बारा तोळे, असंच मी वाचलं. मस्तक फिरलं. परदेशातला माणूस, तोही मागतोय! कुणाला दाखवायची लाज वाटली. फवारणीच्या औषधांच्या कपाटात कागद कोंबला, वर कुलूप.

मग ठरवलं, याला याच्याच भाषेत चार शिव्या घालायच्या. शेजारच्या वत्सलाबाईची सून दीपमाला कॉलेजात स्पॅनिश शिकवते. कागदात जो शब्द सारखा येत होता तो चिठ्ठीवर उतरवून तिच्याकडे नेला. मानो. ती म्हणाली, "काका, मानो म्हणजे हात." म्हटलं, बरोबर, हात पसरतोय मेला. पण ती पोरगी सोडते का? रोज गुलाबाच्या जुड्या बांधायला बसलो की कुंपणापाशी येऊन उभी. "काका, भिंतीला रंगाचा एक हात दिला, तिकडेही मानोच म्हणतात. कुणाला कामात हात दिला, तरी मानो. पत्त्यांच्या डावातही मानो." मी चिडायचो. आमचेच शब्द चोरलेत की काय या लोकांनी? तुझी आई आतून ओरडायची, "या वयात शाळेत घाला यांना, डबा देते मी!" काट्यांनी बोटं सोललेली, त्यात हे. पण खोटं कशाला बोलू, जुडी बांधताना तोंडात तोच शब्द घोळायचा.

परवा ती सहज बोलून गेली की तिकडे मुलीला मागणी घालतात तेव्हा मुलीचा हात मागतात. मी जुडी खाली टाकली. कपाट उघडलं, कागद तिच्या पुढ्यात आपटला.

तिनं वाचून दाखवलं. चाळीस ही त्यांच्या संत्र्यांची झाडं. दोन खोल्या, त्यातली उजेडाची तुला द्यायचीय. बारा वर्षं झाली त्यांची बायको जाऊन. त्यांच्या बापानं त्यांच्यासाठी असंच हातानं पत्र लिहून मुलगी मागितली होती, म्हणून हेही लिहितायत. आणि शेवटी, मुलीच्या वडिलांचं उत्तर येईपर्यंत या घरात लग्नाची तारीख धरणार नाही. दीपमाला रडायला लागली. मला तिचाच राग आला, मग तुझा, मग त्या म्हाताऱ्याचा. पाच महिने गप्प बसून वाट कसली बघतो? एक फोन करून मला खडसवायचं की!

म्हणून हे लिहितोय. दीपमालानं त्यांच्यासाठी स्पॅनिशमध्ये छान उत्तर लिहून दिलं होतं, ते मी फाडलं. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, मी दुसऱ्याच्या हातचं का पाठवू? सोबत चिठ्ठी आहे, ती त्यांना दे. त्यात मराठीत एकच शब्द आहे, हो, आणि खाली माझी सही. अर्थ तू सांगायचा नाहीस. विचारू दे त्यांनाही चार दारी. फक्त म्हणावं, पाच महिने लावू नका.

तुझाच,
लग्नाला यायला उद्या पासपोर्टच्या रांगेत उभा राहणारा बाप