मणक्याजवळची कपची

जाफना, १० सप्टेंबर २०२४

प्रिय कयल अक्का,

पाय कसा आहे? चिन्नू शाळेत जाताना अजून रडतो का? अम्मा बरी आहे. तिने सुक्या मासळीची पुडी दिली आहे, तिच्यातच हे पत्र ठेवते. फोन केला असता, पण तुमच्याकडे तो स्पीकरवर असतो आणि सुदन अत्तान शेजारीच बसलेले असतात. वाचून झालं की चुलीत टाक.

काल मी खोटं बोलले. आमच्या इस्पितळातलं एमआरआयचं यंत्र बंद नव्हतं.

"अंगात कुठे लोखंड आहे का? गोळी, कपची, काहीही?" मी विचारलं, तेव्हा तुझा नवरा आणि सासूबाई, अत्तान आणि मामी दोघेही, बाजूलाच उभे होते. तू भिंतीकडे बघत "नाही" म्हणालीस. युद्ध संपल्यावर लष्कराच्या छावणीत, लढणारे हुडकायला, चौकशीची सुरुवात ह्याच प्रश्नाने व्हायची, हे मला ठाऊक आहे. पण तू सुटून आलीस तेव्हा तुझ्या पाठीवरचा व्रण अम्मा मलासुद्धा बघू देत नसे, हेही आठवतं. म्हणून यंत्र बिघडल्याची थाप मारली आणि डॉक्टरीणबाईंच्या परवानगीने आधी एक्स-रे काढला.

कपची आहे, अक्का. कमरेच्या मणक्याला चिकटून, तांदळाच्या दाण्याएवढी.

तुझा पाय बधिर का पडतो ते एक्स-रेत कळत नाही. ती नुसती सावली. हाड आणि धातू दिसतात, शिरा दिसत नाहीत. शिरा एमआरआयमध्ये सगळ्यात छान दिसतात, तेही किरणांशिवाय. पण ते यंत्र म्हणजे रात्रंदिवस जागं असलेलं प्रचंड लोहचुंबक. ती कपची तिथे जरा जरी सरकली, तर आज बधिर असलेला पाय उद्या कायमचा जाईल. उरलं सीटी. त्यात किरणं असतात, पण ते लोखंडाला ओढत नाही. पाठीत सुईने औषध सोडून चित्रं घेतली की शीर कुठे दाबली जाते आहे ते कळेल. एमआरआयइतकं स्पष्ट नाही, पण पुरेसं. सुई दुखेल. तुझ्याशी आता आणखी खोटं बोलणार नाही.

पण माझ्या थापेने घोळ केला. निघताना अत्तान म्हणाले, "सरकारी यंत्रं अशीच! शुक्रवारी वावुनियाला खाजगी एमआरआय केंद्रात नेतो हिला." तिथेही विचारतील, तू तिथेही "नाही" म्हणशील आणि तिथे मी नसेन.

एक गोष्ट लिहू की नको, असं सकाळपासून चाललं आहे. तुला न सांगण्याचा शब्द मी मामींना दिला होता. मोडते.

तू एक्स-रेसाठी आत होतीस, अत्तान चहाला गेले होते. मामी माझ्याजवळ आल्या. "बंद आहे म्हणालीस ना? मग आत चिमणीसारखं काय चिवचिवतंय?"

"पंप आहे, मामी. तो चालूच असतो."

"खोटं बोलायला अजून शिकायला हवंस, पोरी. पदवी घेतलीस तरी तोंड लाल होतं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चिन्नू झाला तेव्हा चाळीस दिवस मी तिच्या पाठीला तेल चोळलंय. बोटांना लागत होतं ते."

मी दाराकडे बघितलं, अत्तान अजून आले नव्हते.

"सून म्हणून आली तेव्हा केस लढणाऱ्या पोरींसारखे कापलेले, मानेपर्यंतसुद्धा नव्हते. कुठून आली ते मला कळणार नाही? माझ्याही मांडीत एक तुकडा आहे, तोफेच्या शेलचा. युद्धात वन्नीत अडकलेल्या कुणाच्या अंगात नाही? छावणीत मलाही विचारलं होतं, मीही नाहीच म्हटलं होतं."

"मग तिला बोलला का नाहीत?"

"तिने सांगावं. ओरबाडून काढायचं झालं तर त्या छावणीवाल्यांत आणि माझ्यात फरक काय?"

अत्तानना माहीत आहे का, ते मी विचारलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या पोराला मी बघून घेईन."

अक्का, संघटनेने तुला लढायला म्हणून शाळेच्या वाटेवरून उचललं तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस. ह्यात तुझा गुन्हा कोणता, ते मला आजवर समजलेलं नाही.

गुरुवारी सीटीसाठी तुझं नाव घातलं आहे. मामींना सांग आणि त्यांच्याबरोबर ये. तू आली नाहीस, तर शुक्रवारी सकाळी वावुनियाच्या त्या केंद्रात मी फोन करून कळवणार. मग अत्तानना ते तिथल्या खिडकीवर, परक्या माणसाकडून कळेल. तू मला जन्मभर माफ करणार नाहीस, तरी करणार. तू चालत राहायला हवीस.

मामी आत्ता स्वयंपाकघरात असतील. पत्र चुलीत टाकायला तू तिथेच जाशील.

तुझ्या एका "हो"साठी थांबलेली,
आरणी