बाजारातलं जुनं लुगडं

आये,

हे तुला कोण वाचून दाखवणार, देव जाणे. तू अंगठा उठवणारी, मीही तशीच. मी बोलतेय आणि नात लिहितेय. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, भिंतीला टेकून बसलीय आणि वही पोटावर ठेवलीय, आयतं टेबल मिळालंय तिला. मध्ये बोलायचं नाही, सांगेन ते लिहायचं, असं बजावूनच तिला बसवलंय.

यायच्या आधी फोनवर म्हणाली, "आजी, बाळाचं दुपटं पणजीच्या लुगड्याचंच हवं हां. तुझ्या पेटीत आहे ना?" आहे म्हटलं. आयुष्यभर ज्याला त्याला तेच तर सांगत आले. माझ्या पहिल्या खेपेला तू तुझं एक नऊवारी फाडून दुपटं शिवलंस आणि दुसरं माझ्या हातात ठेवलंस. "ह्ये पुढच्यांना व्हईल," म्हणालीस. आये, ते लुगडं मी बोहारणीला घातलं. तू गेल्यावर. ती एका कापडासाठी अडून बसली होती आणि माझा डोळा तिच्या झाकणाच्या पातेल्यावर. पातेलं अजून आहे. भात छान होतो त्यात, खोटं कशाला बोलू. हिचं पेन थांबलं. लिही गं, अजून पुढं आहे.

घरात जुनं सुती म्हणून चिंधी उरलेली नाही. मी स्वतः नायलॉन नेसते, खाडीच्या दमट हवेत तेवढंच वाळतं. मग गुडघ्याचं तेल आणायला जाते म्हणून म्हसळ्याच्या बाजारात गेले आणि कोरं सुती कापड घेतलं. दुकानदार म्हणतो, "आजी, रंग पक्का, मुळीच जायचा नाही." म्हटलं, मला गेलेलाच हवाय. तो बघतच राहिला. घरी आणून सोड्यात उकळलं, खळ काढली, दगडावर आपटलं, उन्हात टाकलं, रात्री चादरीखाली घालून त्यावर लोळले. रंग उडाला. कापडाचं वय मात्र वाढलं नाही. नात आल्यावर तिच्या मांडीवर ठेवलं, तर तिनं नाकाला लावून वास घेतला. पणजीचा म्हणून.

मग शिवायला बसलो. तू शिकवलंस तसंच तिला शिकवलं. थर जमिनीवर ताणून पसरायचे, कोपऱ्यांवर वरवंटा नाहीतर दगड ठेवायचे, आधी लांब लांब टाके घालून सगळं धरून घ्यायचं. दोरा हातभराहून लांब घ्यायचा नाही, गुंततो. कडेनं सुरुवात करून फिरत फिरत मधे यायचं आणि दर फेरीला कापड हातानं सारखं करायचं, म्हणजे झोळ राहत नाही. गाठ थरांच्या आत ओढून घ्यायची, बाळाला टोचायला नको. पोरगी हुशार, सगळं एकदा सांगितल्यावर केलं. पण सुई चालेना. तू एका दमात चार-पाच टाके सुईवर घेऊन दोरा ओढायचीस, हिची सुई दुसऱ्यालाच अडते. बोटाला टोचून घेतलंन. "आजी, जुनं कापड लोण्यासारखं असतं म्हणालीस ना?" आणि मी काय म्हणाले, ऐक. "कापडाला काय धाड भरलीय? तुझाच हात जड. मोबाईल दाबून बोटं मेली तुमची." हसत म्हणाले, पण म्हणाले. तिनं उसवलं, पुन्हा घातलं, मी पुन्हा टोमणा मारला. काल तिनं सुई उशीत खोचली. "तूच शिव आजी. माझ्या हातचं नको बाळाला."

तेव्हापासून जेवण जात नाही मला. मी परकरातली पोर होते, ओसरीवर तुझ्या शेजारी बसून शिवत होते, माझे टाके साप गेल्यासारखे वाकडे. शेजारची काकी म्हणाली, "पोरीला हात न्हाय."  तू माझ्यापुढचं कापड दोन बोटांत धरतेस, चुरगाळून बघतेस. "करकरीत हाय. पोर न्हाय चुकत. आधी कापड बघावं गो, मंग शिवनारीला बोलावं." तो तुकडा काढून बाजूला टाकतेस आणि जुन्याचा घालतेस. केवढी फुगले होते मी त्या दिवशी! तू न बघता कुणाला दोष दिला नाहीस. मी तर कापड कुठल्या दुकानातलं ते जाणून होते आणि तरी हाताला नावं ठेवली, तीही पोटुशा पोरीच्या.

आता ही मान वर करत नाही. बोलू नको म्हटलं होतं, तरी विचारते, "म्हणजे मी नीट शिवत होते?" व्हय गं बाय, नीटच. तेही लिही.

पत्ता काय घालू, विचारते. काही नको. पाठवायचं नव्हतंच. तुला सांगायचं असतं तर चुलीपुढं बसून पुटपुटले असते, नेहमीसारखी. हिच्या तोंडाकडे बघून बोलायची लाज वाटली, म्हणून तुला मध्ये घातली.