शनिवार तेली

शनि. ७ डिसें.
मी गॅसचं बटण फिरवलं आणि तिथेच सगळं बदललं.
एस्तरकडे जेवायला गेलो होतो. तिच्या बाबांनी पहिल्यांदाच बोलावलेलं. थंडी मरणाची, आणि काकू वालाची आमटी गारच वाढत होत्या. राहवलं नाही. पातेलं उचललं, गॅस पेटवला, चांगली उकळून आणून ठेवली. कुणी हात लावेना. त्यांचा शब्बाथ. शनिवारी जाळ नाही, रांधणं नाही, दिव्याचं बटणसुद्धा नाही, माहीत होतं मला. पण मी कुठे ज्यू? काका शांतपणे म्हणाले, "आमच्यासाठी तापवलीस ना? मग आज आम्हाला नाही चालत." चपाती-लोणचं खाल्लं सगळ्यांनी. माझ्यामुळे.
डोकं फिरलं. गारढोण जेवणाला धर्म म्हणायचं का, असलं काहीतरी बोललो. दार आपटून निघालो. शास्त्री नगर ते मुरलीपुरा, घरापर्यंत चालत. गाढव.

रवि. ८
एस्तर फोन उचलत नाही. आई म्हणते, कॉलेज असंच तावातावानं सोडलंस, आता पोरगीपण सोड.

बुध. ११
काका आले! थेट मी कामाला असतो त्या तेलाच्या गिरणीत, हातात रिकामा डबा. वाटलं, आता चारचौघांत माझी काढणार. तर घाण्याकडेच बघत राहिले. कोकणात त्यांच्या आज्या-पणज्याचा हाच धंदा म्हणे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. "आणि तू सातही वार तेली." हसले चक्क. मग म्हणाले, "आमटी खाल्ली हो आम्ही. शब्बाथ संपल्यावर, चांदण्या दिसल्या तेव्हा. वाल तुझ्यासारखेच, जरा करपलेले."
डबा भरून घेतला. शुक्रवारी ये म्हणाले.
आज पोटभर जेवलो. चार दिवसांनी.

शुक्र. १३
सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, म्हणून काकूंनी त्याच्या आतच दिवे लावले. काचेच्या पेल्यात वात, खाली आमच्या गिरणीचं मोहरीचं तेल. एस्तरने माझ्याकडे बघितलं. बास.
जेवताना काकांनी विचारलं, पुढेमागे ह्या घरचा होणार असलास तर शनिवारी काय करशील? मी म्हटलं, काका, गिरणी मालकाची आहे.
"शनिवार तर तुझा आहे ना?"
मी आणखी एक चपाती घेतली. त्यांनीही रेटलं नाही.
निघताना दाराशी काळोख. संध्याकाळी तिथला बल्ब लावून ठेवायचा राहिला होता. चप्पल सापडेना, म्हणून बटण दाबलं. आत सगळ्यांच्या माना वळल्या. मेलो, परत तेच.
"कुणासाठी लावलास?" काका.
"माझ्यासाठी. चप्पल दिसत नव्हती."
"मग चालतं."
काकू लगेच उठून तिथल्या फळीवरचा चष्मा घेऊन गेल्या. मला इतकं हसू आलं. चप्पल घातली, आणि सवयीनं हात परत बटणाकडे. एस्तर नुसती खोकली.
हात मागे घेतला. मी विझवला तर त्यांना उद्या रात्रीपर्यंत तिथे काळोखच. दिवा तसाच ठेवून बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं, हळू.