रडक्या तोंडावरची फुली

ता. १० जून

चि. ठमीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीने वाचून दाखवलं, आणि हेही तीच लिहिते आहे. मी सांगते तसंच लिही, अशी तंबी दिली आहे. गेल्या खेपेला तिने माझ्या तोंडी 'कृपया' घातलं होतं. मी जन्मात तो शब्द वापरलेला नाही. फोन मात्र करू नकोस. फोनवर तुझा आवाज डब्यात कोंडल्यासारखा येतो आणि मी आपली नुसती हो हो करत बसते.

खांद्याचं विचारलंस. चाळीस वर्षं लॉन्ड्रीत परक्यांच्या सदऱ्यांवर इस्त्री फिरवली, आता उजवा खांदा पेन्शन मागतो आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरने मला तुमच्या खांद्यांच्या अभ्यासात घातलं, तेव्हा मी त्याला म्हटलं, अहो, तो अभ्यास माझी नातच करते. त्याला खरं वाटलं नसावं, कारण त्याने माझा ताप बघितला. दाराला दोरी आणि कप्पी लावून दिली आहे. धडक्या हाताने दुखरा हात वर ओढायचा, सकाळ-संध्याकाळ वीस वेळा. शिंपीण म्हणते, विहीर नाही पण रहाट चालू आहे.

आणि ती तुझी कार्डं. बारा आठवड्यांची बारा. आमच्यासारख्या अक्षरशत्रूंसाठी तू त्यावर सहा तोंडं काढलीस. पहिलं खदखदा हसणारं, शेवटचं रडणारं. जेवढं दुखतं तेवढ्या तोंडावर फुली मारायची आणि टपालात टाकायचं. ठमे, ते शेवटचं तोंड तुझंच आहे. पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी सोडून मी कामावर निघाले, तेव्हाचं. खालचा ओठ अस्साच बाहेर. त्याच्यावर फुली मार म्हणतेस? माझा हात धजत नाही, आणि यात खांद्याचा काही दोष नाही.

वेळेवर जेव. कागदांवर जीव लाव, पण सगळा नको, थोडा इकडे राहू दे.

तुझी आजी

ता. १८ जुलै

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मी इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. साहेबसुद्धा हसले. ते तोंड माझं नाही, रडताना सगळी माणसं तशीच दिसतात. तुला मी रडकी आठवते, हा तुझा जुना आकस आहे.

आमच्या खोलीला खिडकी नाही. तीन कपाटं, एक पंखा आणि दोनशे सहा खांदे. कुणाचा खांदा कुठला ते मला कळत नाही, कार्डांवर फक्त नंबर असतात. तेव्हा माझ्यासाठी म्हणून काही लबाडी करायची नाही. दुखेल तसंच दाखवायचं. चौथ्या आठवड्यानंतरही फुली शेवटच्या दोन तोंडांवर येत असेल, तर डॉक्टरने व्यायाम थांबवून खांद्याचा आणि छातीचा फोटो काढायचा, असा नियम आहे. तो मीच घालून घेतला. खांदेदुखीच्या आड कधीकधी दुसरंच काही लपलेलं असतं.

हा अभ्यास नीट पार पडला तर कदाचित मला पुढच्या अभ्यासात घेतील. कामाच्या जागी गरोदर बायकांच्या नाकातोंडात धूर आणि रसायनं जातात, त्याचं पोटातल्या बाळावर काय होतं, ते शोधायचं आहे. मला तो फार हवा आहे. काल साहेब सत्तेचाळीस नंबरचं कौतुक करत होते. म्हणाले, सगळे पेशंट असे सुधारले तर आपल्याला मिरवायला जागा पुरायची नाही.

शिंपीणबाईंना नमस्कार. माझ्यावरचा तुझा राग असाच राहो, त्याशिवाय मला करमत नाही.

तुझी ठमी

ता. २५ ऑगस्ट

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. कप्पीला एक चिठ्ठी टांगलेली आहे, तिच्यावर शिंपिणीने सत्तेचाळीस वाचलं. म्हणजे साहेबाने कौतुक केलं ते तुझ्या आजीचं. मला लॉन्ड्रीत चाळीस वर्षांत कुणी शाबास म्हटलं नाही, आणि इथे नुसत्या फुल्यांवर नाव झालं. त्या दिवसापासून मी पहिलं तोंड सोडलेलंच नाही. आता एकच कार्ड उरलं आहे. तुझा पुढचा अभ्यास पक्का समज.

बाकी म्हातारपणाच्या गमती. हल्ली मी खुर्चीत बसून झोपते, आडवं झालं की खांदा भांडायला उठतो. कळ आता करंगळीपर्यंत फिरायला जाते. परवा कप हातातून सुटला, तुझ्या आईने दिलेला, निळ्या काठाचा. आणि उजवी पापणी माझ्या आधीच झोपायला लागली आहे. शिंपीण म्हणते, मी टपालवाल्याला डोळा मारते. चुलीपुढे उभी राहिले की कपाळ डावीकडून घामेजतं आणि उजवीकडे कोरडं ठाक. अर्ध्या अंगाने संप पुकारलेला दिसतो.

(मी शिंपीण. हे त्यांनी सांगितलेलं नाही. रोज सकाळी दोरी ओढताना त्या उशी तोंडात धरतात. मला वर्दी द्यावीशी वाटली.)

पुढच्या पत्रात बढतीचं कळव. तोवर माझी आठवण उपाशी ठेवू नकोस.

आजी

ता. २९ ऑगस्ट

शिंपीणबाई,

हे पत्र आधी तुम्ही वाचा. फोनवर आजी नुसती हो हो करेल, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. दोरी काढून टाका. आजच आजीला रिक्षात घालून जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात न्या आणि छातीचा फोटो काढायला लावा. पापणी पडणं, अर्ध्या कपाळाला घाम न येणं आणि करंगळीपर्यंतची कळ या तिन्ही गोष्टी तिथे सांगा, एकही विसरू नका. त्या तिन्ही एकत्र आल्या की दुखणं खांद्याचं नसतं. मी दवाखान्यात फोन लावला होता. डॉक्टर म्हणाले, कार्डं तर हसरी आहेत.

आजीला सांगा, ठमी रागावलेली नाही.

ता. १६ सप्टेंबर

चि. ठमीस,

आशीर्वाद. वि. वि. फोटो काढला, मग नळीत सरकवून दुसरा काढला, मग सुई टोचून आतला कण घेतला. उजव्या फुफ्फुसाच्या शेंड्याला गाठ आहे, खांद्याच्या बरोबर खाली, पाटाखाली उंदीर बसावा तशी. इतके दिवस बिचाऱ्या खांद्याला शिव्या दिल्या. ती मणक्यातही शिरली आहे. तिथला डॉक्टर खिडकीकडे बघत बोलला. जुलैत आला असतात तर, इतकं म्हणाला आणि तिथेच थांबला. आता फक्त दुखणं कमी करायच्या गोळ्या आहेत.

शिंपीण रडते आहे आणि शाई फिसकटवते आहे. तिला म्हटलं, तू टाके घालणारी बाई, उसवतेस काय.

तुझा नियम चांगला होता, पोरी. त्यात खोट नव्हती. मला वाटलं, खांदा काय, दुखून दुखून कुठे जाणार आहे. तुझं काम व्हावं इतकंच. आणि ते तोंड. दर आठवड्याला पेन्सिल त्याच्यापर्यंत न्यायची आणि परत फिरायची. तुला तेव्हा फाटकाशी सोडून एकदा गेले होते, पुन्हा होईना.

आजी

ता. ११ ऑक्टोबर

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. तू पहिल्याच पत्रात सांगितलं होतंस, आणि मी ते लोकांना हसायला वाचून दाखवलं. माणसाला ज्यावर फुली मारवणार नाही, असं तोंड मी कार्डावर काढलं.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडून दाखवलं. दुसरा आजार निघाला की तो पेशंट अभ्यासातून वगळायचा. सत्तेचाळीसची अकराही कार्डं बाजूला काढली. दोनशे सहाचे दोनशे पाच झाले. निष्कर्षात तसूभर फरक पडला नाही. पुढच्या अभ्यासात मला घेतलं आहे. आजी, तुझ्यापासून काही लपवायचं नाही म्हणून लिहिते. साहेबांनी ते मे महिन्यातच ठरवलं होतं, तुझं पहिलं कार्ड येण्याच्या आधी. मला सांगायचं त्यांच्याकडून राहिलं होतं, एवढंच.

रजा मिळाली आहे. शनिवारी निघते. थांब.

तुझी ठमी

ता. १४ ऑक्टोबर

चि. ठमीस,

आशीर्वाद, उरलेले सगळे. वि. वि. मे महिन्याचं वाचून मला हसू आलं, आणि हसल्यावर जे दुखलं ते तुझ्या सहाही तोंडांत नाही. आपण दोघी शहाण्या, एकीने काढायचं आणि दुसरीने खोडायचं.

थांब म्हणतेस. थांबणं माझ्या हातात असतं तर तुला इतक्या लांब पाठवलंच नसतं. मी इस्पितळात नाही, घरीच खुर्चीत आहे. तुला जिन्यावरून हाक मारायची सवय आहे. या खेपेला मारू नकोस, उत्तर आलं नाही तर तुलाच लागेल. सरळ वर ये.

बारावं कार्ड उरलं होतं, ते सोबत पाठवते. अभ्यासात घालू नकोस, तिथून मला काढलंच आहे. उजव्या हातात पेन्सिल राहत नाही, म्हणून डाव्याने मारली. फुली वाकडी आली आहे, पण खरी आहे. शेवटच्याच तोंडावर आहे. जमेल तेवढी कडेने मारली, ओठाला लागू दिली नाही.

शिंपीण लिहिता लिहिता सारखी थांबते आहे, तेव्हा मीही थांबते.

आजी